दिनविशेष : १४ मार्च
१९४५ : ब्रिटिश हवाई दलाच्या लँकेस्टर विमानाने जर्मनीतील बीलेफेल्डच्या रेल्वेपुलावर ‘ग्रँड स्लॅम’ हा २२,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे १० टनांचा बॉम्ब प्रथमच टाकला. एरवी या चार इंजिनांच्या विमानाची मजल साधारण सहा टनांपर्यंत. त्यामुळे पोटाची दारे काढून बॉम्ब उघडाच अडकवला होता. वजन घटवण्यासाठी काही मशीनगनही उतरवल्या होत्या. अभियंते बार्न्स वॉलिस यांनी घडवलेला हा बॉम्ब जमिनीत खोल घुसून फुटला. सोबतच्या ‘टॉलबॉय’ बॉम्बांचाही मारा होताच. पुलाच्या अनेक कमानी कोसळल्या. आधीच्या हल्ल्यांत नेम चुकलेल्या बॉम्बची झळ आसपासच्या वस्तीने सोसली होती. विमानांची ताकद मोजताना त्या निरपराधांचेही स्मरण ठेवायलाच हवे.