क्रीडांगण ते नागरी रस्ता : सारा स्टोरी यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दिव्यांगांच्या क्रीडा चळवळीचा इतिहास बहुधा पदकांच्या नोंदींपुरता मर्यादित राहतो. १९४८ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी स्पर्धा भरविल्या, तेव्हा पुनर्वसन हा त्यांचा प्रधान हेतू होता. या उपक्रमाची परिणती १९६० च्या रोम येथील पहिल्या पॅरालिम्पिकमध्ये झाली. सायकलिंगचा समावेश १९८४ मध्ये झाला. पुनर्वसनाकडून समान हक्काकडे झालेली चळवळीची वाटचाल ब्रिटिश सायकलपटू सारा स्टोरी यांच्या कारकिर्दीच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जलतरणाकडून सायकलिंगकडे :
स्टोरी यांचा जन्म १९७७ मध्ये मँचेस्टर परिसरात झाला. गर्भावस्थेत हात नाळेत अडकल्याने डाव्या हाताचा पंजा विकसित झाला नाही. १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकमध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी जलतरणात दोन सुवर्णपदके मिळविली. कानाच्या दीर्घकालीन संसर्गामुळे पाण्यापासून दूर राहावे लागल्याने २००५ मध्ये त्या सायकलिंगकडे वळल्या. बीजिंग २००८ मध्ये २, लंडन २०१२ मध्ये ४, रिओ २०१६ मध्ये ३, टोकियो येथे २०२१ मध्ये ३ आणि पॅरिस २०२४ मध्ये २ अशी १४ सुवर्णपदके त्यांनी सायकलिंगमध्ये जिंकली. जलतरणातील ५ धरून ही संख्या १९ होते. एवढी सुवर्णपदके अन्य कोणत्याही ब्रिटिश पॅरालिम्पिकपटूस मिळालेली नाहीत.

वर्गवारीची सीमारेषा :
पॅरा-सायकलिंगमध्ये शारीरिक मर्यादेनुसार खेळाडूंची वर्गवारी केली जाते. दुचाकी सायकलसाठी सी-१ ते सी-५ असे वर्ग असून सी-५ मध्ये सर्वांत सौम्य मर्यादा असलेले खेळाडू येतात. स्टोरी याच वर्गातील होत. बीजिंगमधील त्यांची वैयक्तिक परस्यूट शर्यतीतील वेळ त्याच वर्षीच्या ऑलिम्पिकमधील पहिल्या आठांत बसणारी होती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्या इंग्लंडच्या संघातून सर्वसाधारण गटात उतरल्या व परस्यूटमध्ये सहाव्या आल्या. राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडचे प्रतिनिधित्व करणाऱ्या त्या पहिल्या दिव्यांग सायकलपटू ठरल्या. २०११ मध्ये विश्वचषक मालिकेतील काली येथील शर्यत जिंकणाऱ्या ब्रिटिश सांघिक परस्यूट चमूत त्यांचा समावेश होता; तथापि त्यानंतर ऑलिम्पिकच्या चमूतून त्यांना वगळण्यात आले. २०१५ मध्ये त्यांनी एका तासात ४५.५०२ कि.मी. अंतर कापले; सर्वसाधारण महिलांचा ४६.०६५ कि.मी.चा तत्कालीन विक्रम थोडक्यात हुकला. या घटनांमधून वर्गवारीची दुहेरी भूमिका दिसते. वर्गवारीमुळे दिव्यांग खेळाडूस न्याय्य स्पर्धा मिळते. परंतु तीच त्याच्या क्षमतेची अंतिम मर्यादाही मानली जाण्याचा धोका असतो.

हक्कांचा पुरस्कार :
२०१९ मध्ये शेफील्ड सिटी रीजन व २०२२ मध्ये ग्रेटर मँचेस्टर येथे पायी चालणे आणि सायकल प्रवासाच्या आयुक्तपदी त्यांची नियुक्ती झाली. ग्रेटर मँचेस्टरमध्ये त्यांनी सर्वांना वापरता येतील अशा मार्गांवर भर दिला. पादचारी मार्गावरील अरुंद अडथळे चाकाची खुर्ची वा तीनचाकी सायकल अडवितात, म्हणजे दिव्यांगत्व केवळ शरीरात नसून रचनेतही असते, हा विचार यामागे आहे. पॅरिस २०२४ मध्ये सुवर्णपदक मिळविल्यानंतरही त्यांनी सुमारे १४ कि.मी.च्या टाइम ट्रायलचे अंतर अपुरे असल्याची जाहीर टीका केली. विजेत्या खेळाडूने स्वतःच्याच स्पर्धेच्या दर्जाविषयी प्रश्न उपस्थित करणे हे या चळवळीच्या प्रौढत्वाचे लक्षण होय.

समारोप :
स्टोरी यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन केवळ पदकसंख्येने करणे अपुरे ठरेल. गौरवाची जागा समान संधीने घ्यावी, ही मागणी त्यांच्या वाटचालीतून उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली. भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक १९७२ मध्ये सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मात्र २०१८ मध्ये लाभली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आपल्याकडेही सुगम्यतेस कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. महाविद्यालयाचे प्रवेशद्वार, ग्रंथालय आणि क्रीडांगण या निकषावर तपासून पाहणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध म्हणता येईल.