ना. गोखले आणि वरिष्ठ कायदेमंडळातील मतविभागणी

कायदेमंडळाच्या सभासदाने कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूस मत दिले याची नोंद हे राजकीय इतिहासाचे एक भरवशाचे साधन मानले जाते. भाषणात संदिग्धता राहू शकते. मत मात्र एका बाजूस पडते. तथापि ज्या सभागृहाचा निकाल मते मोजण्यापूर्वीच ठरलेला असतो, तेथील मताचा अर्थ कसा लावावयाचा? ना. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कायदेमंडळातील कारकीर्दीचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या तीन मतप्रसंगांच्या आधारे त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम सभागृहाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. गोखले १८९९ च्या अखेरीस मुंबई कायदेमंडळावर निवडून आले आणि सर फिरोजशहा मेहता यांनी जागा सोडल्यावर १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात गेले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. म्हणजे १९०२ च्या ज्या अर्थसंकल्पीय भाषणाने गोखल्यांची कीर्ती देशभर पसरली, त्याच्या मागे एकही मत नाही. तरीही पुढील काही वर्षांत मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून क्रमाने एक रुपयावर आला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण मताविना केलेल्या युक्तिवादालाही काही वजन होते, एवढे त्यावरून दिसते. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा व त्यावर मत घेण्याचा अधिकार मिळाला, परंतु वरिष्ठ मंडळातील सरकारी बहुमत जाणूनबुजून कायम ठेवण्यात आले. एकूण ६९ सभासदांपैकी ३७ सरकारी होते. लोकनियुक्त २७ होते.

अशा सभागृहात ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी गिरमिटिया मजुरांची भरती बंद करावी असा ठराव मांडला. दोन वर्षांपूर्वी, २५ फेब्रुवारी १९१० रोजी, नाताळपुरती ही भरती थांबविण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, हा त्यांचा ठराव मान्य झाला होता आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंदही झाली होती. आता मागणी सर्व वसाहतींपुरती होती. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. संख्येने हा पराभव होता. पण हिंदी सभासदांचे मत एका बाजूस व सरकारचे दुसऱ्या बाजूस असल्याचे जगाला दिसले. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी हाच विषय पुन्हा मांडला तेव्हा सरकारने तत्त्व मान्य केले आणि १९१७ मध्ये भरती थांबली.

यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १९ मार्च १९१२ रोजी, गोखल्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावर मते घेण्यात आली. १६ मार्च १९११ रोजी मांडलेले हे विधेयक अत्यंत सावध होते. जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच एका ठरावीक मर्यादेस पोचले असेल, तेथील नगरपालिकेस किंवा लोकल बोर्डास सरकारच्या पूर्वसंमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर शिक्षणाची सक्ती करण्याचा अधिकार द्यावा, इतकीच मागणी होती. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेल्या माणसाने स्थानिक संस्थांच्या शक्तीचा अंदाज घेऊन ती केली होती. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सर्व राज्यभर सक्ती लागू केल्याचे उदाहरणही समोर होते. विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले.

या दोन आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. पंधरा दिवसांत अनुकूल मते २२ वरून १३ वर आली, विरोधी मते ३३ वरून ३८ वर गेली. सभागृह तेच, सरकारी बहुमत तेच, ठराव मांडणाराही तोच. सर हार्कोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे केलेला विरोध अपेक्षितच होता, आणि विधेयक फेटाळले जाणार हे गोखले जाणून होते. त्यांच्या पाठीशी मालवीय व बॅ. जिना उभे राहिले. परंतु काही हिंदी सभासद, विशेषतः जमीनदारवर्गातील, विरोधात गेले. त्याचे कारण दूरचे नाही. गिरमिटाची पद्धत बंद झाल्याने कायदेमंडळातील बहुतेक सभासदांचे काही बिघडत नव्हते. सक्तीच्या शिक्षणासाठी मात्र स्थानिक कर बसणार होता, आणि शेतावर राबणारी मुले शाळेत जाणार होती. परक्या सत्तेच्या अन्यायाविरुद्ध एक झालेले सभागृह स्वतःच्या खिशाला झळ लागताच दुभंगले. आपला नेहमीचा समज असा की हे विधेयक सरकारी बहुमताने बुडविले. मतांचे आकडे या समजास पूर्णपणे दुजोरा देत नाहीत. सरकारी मते वगळली असती तरी लोकनियुक्तांपैकी निम्म्यांनीदेखील विधेयकाच्या बाजूने मत दिलेले नाही.

तिसरा प्रसंग गोखल्यांच्या चाहत्यांस अडचणीचा आहे. फेब्रुवारी १९१० मध्ये वृत्तपत्रांवर जामिनाचे बंधन घालणारा मुद्रण कायदा झाला. लोकमान्य टिळक १९०८ पासून मंडालेस होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला जॅक्सनचा वध झाला होता. मालवीय व भूपेंद्रनाथ बसू यांनी विधेयकाविरुद्ध मत दिले. गोखल्यांनी, १९०७ मध्ये राजद्रोही सभांच्या विधेयकास विरोध केलेला असूनही, या वेळी सरकारच्या बाजूने राहणे पसंत केले. कायदा मुदतीचा असावा हे त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. हे मत त्यांनी नाइलाजाने दिले, असे समर्थन करण्यात येते. परंतु निकाल ठरलेलाच असल्यामुळे हे समर्थन लंगडे पडते. विरोधी मत दिल्याने कायदा अडणार नव्हता. तसेच अनुकूल मत न दिल्यानेही तो थांबणार नव्हता. जेथे मताने निकाल बदलत नाही, तेथे मत ही केवळ साक्ष असते, आणि साक्षीची जबाबदारी देणाऱ्यावरच राहते. पुढील बारा वर्षे, १९२२ मध्ये रद्द होईपर्यंत, हा कायदा देशी पत्रांना जाचत राहिला. बारा शब्दांत संपणारा बचाव येथे पुरत नाही. सुधारणांचे नवे सभागृह टिकावे म्हणून गोखल्यांनी ही किंमत दिली असावी, असा आमचा तर्क आहे; पण किंमत ती किंमतच.

याच निकषाने १९१२ च्या तेरा मतांचे मोल वाढते. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. प्राथमिक शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती यावी लागली आणि तदनुसार झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निधन पावलेल्या गोखल्यांना यांपैकी काहीच पाहावयास मिळाले नाही.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्या संसदेतही पक्षादेशामुळे पुष्कळसे निकाल आधीच ठरलेले असतात. अशा काळात सभासदाच्या मतनोंदीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ जय-पराजय मोजून थांबू नये. प्रत्येक मतापाशी त्याने दोन प्रश्न विचारावेत : हे मत देण्यास सभासदाला काय पडले, आणि ते न देणाऱ्यांचे काय वाचले?