दोन किल्ल्यांची तिजोरी

आमच्या शाखेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक माझ्याकडे, म्हणजे हेड कॅशियरकडे, आणि दुसरी शाखाधिकाऱ्यांकडे. एकानं लावून फिरवायची, मग दुसऱ्यानं लावून फिरवायची, तेव्हा कुठं ती बया दार उघडते. सकाळी मी वेळेवर पोचलो आणि साहेबांची लोकल दिव्याजवळ रुसून बसली, तर माझ्या किल्लीला भंगाराच्या भावापलीकडे किंमत नाही. साहेब आधी आले आणि माझाच पत्ता नसला, तर त्यांच्या किल्लीचीही तीच गत. एकावर विश्वास नाही म्हणून दोघांवर ठेवायचा, असा त्यामागचा बँकेचा हिशेब.

हे सगळं मी रोमन सैन्याबद्दल लिहायला बसलोय म्हणून सांगतोय.

रोमन लोकांशी माझा संबंध यायचं तसं काही कारण नव्हतं. मी पडलो कॉमर्सवाला. इतिहास दहावीला सुटला तो कायमचा, आणि सुटला याचा दोन्ही पक्षांना आनंदच झाला. पण एकदा बढतीच्या परीक्षेचं गाईड शोधायला म्हणून फाउंटनच्या फुटपाथवर गेलो आणि शिरस्त्राण घातलेल्या एका दांडग्या माणसाचं चित्र असलेली कादंबरी घेऊन घरी आलो. सायमन स्कॅरो या इंग्रज लेखकाची, २००० साली निघालेली 'अंडर द ईगल'. हिनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे अभ्यासाला आहे?" मी म्हटलं, "प्रशासनावर आहे." त्या परीक्षेचा निकाल पुढं येईलच.

तर त्या कादंबरीत दोन नायक आहेत. एक मॅक्रो. सैन्यात मुरलेला, मानेनं जाड, हातानं जड, शिव्यांच्या बाबतीत उदार, नुकताच सेंच्युरियन झालेला. सेंच्युरियन म्हणजे शंभराचा नायक, असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात हाताखाली ऐंशीच्या आसपास माणसं. मंजूर जागा शंभर आणि हजर ऐंशी, हे वाचून मला रोमन साम्राज्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. दुसरा केटो. बादशहाच्या वाड्यात गुलाम म्हणून वाढलेला, पुस्तकं वाचलेला, काडीसारखा पोरगा. सैन्यात भरती होण्याच्या अटीवर त्याला गुलामीतून सोडलेलं, आणि बादशहाच्या शिफारशीमुळे आल्या आल्या मॅक्रोच्या हाताखाली दुय्यम नायक म्हणून बसवलेलं. साल इ.स. ४२, मुक्काम जर्मनीची हद्द. वरून चिठ्ठी घेऊन आलेल्या पोराकडे जुने लोक कसे बघतात, हे लेखकानं वाचून लिहिलं की बघून, कोण जाणे. पण आमच्या शाखेत तो एक आठवडा बसला असता तरी तेच लिहिता आलं असतं.

आता यातली मेख अशी, की मॅक्रोला लिहिता-वाचता येत नाही, आणि हे त्यानं वरच्यांपासून लपवून ठेवलंय. रोमन सेंच्युरियनला अक्षर न येणं म्हणजे कॅशियरला नोटा मोजता न येण्यासारखं. कारण ही रोमन मंडळी तलवारीइतकीच कागदाला चिकटलेली. त्यांचा कागद लाकडी पातळ पट्ट्यांचा असायचा, एवढंच. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचं त्यांचं ठाणं होतं, तिथं १९७३ पासून अशा पट्ट्या सापडत गेल्या. त्यांत इ.स. ९०च्या सुमाराचं एका पलटणीचं हजेरीपत्रक आहे. पटावर ७५२ माणसं. पैकी ४५६ बाहेर कामगिरीवर. उरली २९६. त्यांतली ३१ आजारी, जखमी वगैरे, आणि या ३१ मधल्या १० जणांचे डोळे आलेले. साम्राज्याच्या सरहद्दीवर, त्या पावसात, कुणीतरी डोळे आलेल्यांचा वेगळा कॉलम पाडला होता! त्या अज्ञात लेखनिकाला मी जागेवरूनच नमस्कार केला.

तेव्हा केटो मॅक्रोला चोरून अक्षरं शिकवतो आणि मॅक्रो केटोला तलवार कशी धरायची ते. जमेला नावे जुळलं, तेरीज बरोबर आली. मी खूश. पुढचे भाग मिळतील तिथून मिळवत गेलो. वीसाच्या वर आहेत.

पण अशा जोडीत एक अडचण असते, आणि ती तिसऱ्या-चौथ्या भागापासून टोचायला लागते. तलवार शिकता येते. रोज मार खाल्ला की दोन वर्षांत माणूस तयार होतो. वाड्यातलं शिक्षण, बादशहाशी बोलायची रीत, नकाशावर बोट ठेवून पुढचं ओळखणं, हे चाळिशीत मॅक्रोला कोण शिकवणार? म्हणजे मॅक्रोकडचं सगळं केटोकडे जातं आणि केटोकडचं थोडंच मॅक्रोकडे येतं. व्हायचं तेच होतं. केटो सेंच्युरियन होतो, त्याच्याही वर प्रीफेक्ट होतो. ज्याला उभं राहायला शिकवलं त्याच्यापुढं मॅक्रो आता ताठ उभा राहून 'सर' म्हणतो. मी त्या पानावर पुस्तक मिटलं आणि फळीवर ठेवून दिलं.

त्याच महिन्यात आमच्या बढत्यांची यादी लागली होती, हा निव्वळ योगायोग.

यादीत माझं नाव नव्हतं. गाईडच घेतलं नव्हतं, तर नाव कुठून असणार? नाव होतं ते एका मुलाचं. तो पहिल्या दिवशी बँकेत आला तेव्हा त्याला व्हाउचर कुठल्या बाजूनं वाचायचं हेही ठाऊक नव्हतं. मीच त्याला शेजारी बसवून दाखवलं. मी त्याला "अरे" म्हणायचो, तो मला "सर". बँकेची विनोदबुद्धी दांडगी, त्यामुळे दोनतीन वर्षं फिरून तो शाखाधिकारी म्हणून आमच्याच शाखेत आला आणि तिजोरीची दुसरी किल्ली त्याच्या हातात गेली.

माणूस दुखावला की मुळाशी जातो. कादंबरी सोडून मी लायब्ररीतून खुद्द ज्यूलियस सीझरनं लिहिलेल्या गॉलच्या युद्धाच्या हकिगतीचं इंग्रजी भाषांतर आणलं. या जोडीदार शिपायांचा मूळपुरुष तिथं सापडतो, असं कुठंसं वाचलं होतं.

इ.स.पू. ५४चा हिवाळा. गॉलमध्ये त्या वर्षी पाऊस कमी, धान्य कमी, म्हणून सीझरनं आपल्या पलटणी एकत्र न ठेवता लांबलांब छावण्यांत विखरून ठेवल्या. एका छावणीवर साबिनस आणि कोट्टा असे दोन सरदार नेमले. शत्रूचा राजा अँबिओरिक्स सांगत आला, की जर्मन येताहेत, निघून जा, मी वाट देतो. कोट्टा म्हणाला, हुकमाशिवाय हलायचं नाही. साबिनस म्हणाला, हलायचंच, आणि शिपायांना ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणाला. मध्यरात्रीपर्यंत वाद झाला आणि कोट्टानं मान तुकवली. सकाळी निघाले, एका दरीत अडकले. पंधरा कोहॉर्ट, म्हणजे दीड लीजन फौज बुडाली. साबिनस बोलणी करायला गेला आणि मारला गेला, कोट्टा लढता लढता. निर्णय एकाचा आणि मरण दोघांचं. जॉइंट कस्टडीत एकानं आपली किल्ली दुसऱ्याच्या हवाली केली की असं होतं. आमच्या इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात याला 'गंभीर त्रुटी' म्हणतात.

मग ती लाट नर्व्ही टोळीच्या मुलखातल्या दुसऱ्या छावणीवर आदळली. तिथला सरदार क्विंटस सिसेरो, प्रसिद्ध वक्त्या सिसेरोचा धाकटा भाऊ. आणि त्याच्या हाताखाली आपले दोघं: टायटस पुलो आणि लुशियस व्होरेनस. दोघंही सेंच्युरियन. लीजनमध्ये सेंच्युरियन साठ, आणि त्यांची वरपर्यंत चढत जाणारी श्रेणी. हे दोघं पहिल्या रांगेच्या अगदी उंबरठ्यावर आले होते आणि दरवर्षी 'मी पुढं की तू पुढं' यावरून भांडत होते. म्हणजे सिनिऑरिटी लिस्ट!

वेढा ऐन भरात असताना पुलोनं व्होरेनसला डिवचलं, कसली वाट बघतोस, आजच काय तो निकाल लावू. आणि गडी तटाबाहेर पडून शत्रूची जिथं जास्तीत जास्त गर्दी, तिथंच घुसला. व्होरेनसही मागोमाग गेला. का? शौर्यानं म्हणावं तर सीझर सरळ सांगतो, लोक काय म्हणतील म्हणून. मला हे वाक्य फार आवडलं. जगातली निम्मी मर्दुमकी याच खात्यात जमा आहे.

पुलोनं भाला फेकून एकाला पाडलं. उलट त्याच्यावर हत्यारांचा पाऊस पडला. ढाल भेदली गेली आणि एक भाला येऊन कमरपट्ट्यात रुतला. त्यानं म्यान सरकलं आणि तलवारीची मूठ हाताला लागेना. आता हा प्रसंग वीररसाचा खरा, पण सहाच्या गर्दीत डब्यात चेंगरून उभं राहून मागच्या खिशातला पास काढायचा ज्यानं प्रयत्न केलाय, त्यालाच पुलोची अवस्था नीट कळेल. मूठ आहे, हात आहे, मधे काहीतरी आलंय. शत्रू भोवती गोळा झाला.

तेवढ्यात कोण आलं? व्होरेनस. पुलो मेला समजून शत्रू सगळा त्याच्याकडे वळला. त्यानं एकाला मारलं, बाकीच्यांना रेटलं, आणि रेटण्याच्या भरात खड्ड्यात पाय जाऊन पडला. आता तो वेढला गेला. तोवर पुलोची तलवार निघाली होती, तो धावून आला. दोघं आणखी काहींना लोळवून धडपणी आत परतले. आणि सीझर अखेर शेरा काय मारतो? दोघांत सरस कोण, हे ठरवता येत नाही. बास. पुढं ते पुस्तक संपेपर्यंत दोघांचं नावसुद्धा नाही.

वेढा उठला तेव्हा त्या लीजनमध्ये दहांतला एकही शिपाई धड बिनजखमी नव्हता. अशा गदारोळात लढाईच्या सरकारी हकिगतीत एवढी जागा या दोघांच्या भांडणाला दिली, यावरून सीझरला माणसं कळत होती असं मानायला हरकत नाही. जोडीत दोघांनी समतोल कसा राखायचा हे मात्र त्याला स्वतःला जमलं नाही. इ.स.पू. ५९ मध्ये तो कॉन्सल झाला तेव्हा कायद्याप्रमाणे बिब्युलस नावाचा बरोबरीचा कॉन्सल होता. सीझरनं त्याचं इतकं काही चालू दिलं नाही, की तो बिचारा दार लावून घरात बसला आणि तिथून अपशकुनांच्या नोटिसा काढत राहिला. रोमचे टवाळ लोक मग कागदावर साल घालताना लिहायचे, 'ज्यूलियस आणि सीझर यांच्या कारकिर्दीत'!

कादंबऱ्यांतल्या जोडीचं मरण हेच. एकाचा बिब्युलस होतो. तो मधूनमधून विनोद करतो, दारू पितो, दाराशी पहारा देतो, आणि वाचक त्याची पानं भराभर उलटतो. २००५ आणि २००७ साली 'रोम' ही दूरचित्रवाणी मालिका निघाली, तिनं पुलो-व्होरेनसच नायक केले. पण बरोबरी ठेवली नाही. व्होरेनस सेंच्युरियन आणि पुलो साधा शिपाई, वर बेशिस्त. पहिल्याच भागात त्याला फटके. मला धास्ती वाटली, गेला हा विदूषकाच्या खात्यात. पण नाही. पुढं पुलोला आखाड्यात मरायला सोडतात आणि व्होरेनस हातातली नोकरी-प्रतिष्ठा विसरून आत उडी घेतो, तेव्हा सीझरचा तो तटाबाहेरचा प्रसंगच पुन्हा बघतोय असं मला वाटलं. रोझमेरी सटक्लिफबाईंनी तर १९५४ सालीच, 'द ईगल ऑफ द नाइन्थ'मध्ये, मालक आणि गुलाम यांची जोडी घेतली. याहून उंचसखल जोडी कुठली? पण मोहिमेवर निघण्याआधी मार्कस एस्काला मुक्त करतो. मार्कस स्वतः लंगडा, त्यात उत्तरेकडचा परका मुलूख, म्हणजे वाटेत कोण कुणाचा आधार घेतोय ते सांगता येऊ नये.

तेव्हा पद वरखाली असायला हरकत नाही, असं दिसतं. येणं-देणं चालू पाहिजे. खातं बंद झालं की संपलं.

हे तात्त्विक सत्य हाताशी आल्यावरही मी ती कादंबरी फळीवरून काढली नव्हती. मार्चअखेरची गोष्ट. आता आमच्याकडे सगळं संगणकावर, आणि तिथंही दोन किल्ल्या: एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची. मेकर आणि चेकर. त्या संध्याकाळी मी एका नोंदीत शून्य जादा मारलं, आणि साहेबांनी घाईत ते मंजूर केलं. आठ वाजता फरक निघाला. पडद्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी, व्होरेनस आणि पुलोसारखी. शिपाई सोडून सगळे घरी गेले होते. आम्ही दोघं बसून एकेक नोंद वाचत गेलो. त्यानं वाचायचं, मी खूण करायची. बरोबर पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक रात्र आम्ही काढली होती, तेव्हा जमा-नावे उलटं करणारा तो होता. मी ते काढलं नाही. त्यानंही नाही. साडेनऊला शून्य सापडलं.

तिजोरी बंद करताना तो म्हणाला, "सर, तेव्हा तुम्ही मला चहा पाजला होता."

"साहेब, आता टपरी बंद झाली," मी म्हटलं. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणतो. तिथं कुणी नव्हतं, पण तोंडाला सवय झालीय.

घरी जाऊन मी मिटलेलं पुस्तक काढलं. मॅक्रो 'सर' म्हणतो खरा, पण ते शिपायांसमोर. तंबूचा पडदा पडला, की आतमध्ये त्याचा पोरगा पोरगाच असतो, आणि प्रीफेक्टसाहेब त्याच्याकडून निमूट ऐकून घेतात. हे पुढच्याच पानांवर होतं. मी दोनतीन वर्षं उगीच रागावलो होतो.

पहिला भाग मी आमच्या साहेबांना वाचायला दिला. तीन आठवड्यांनी परत आला, खूण म्हणून पैसे भरायची स्लिप घातलेली.

"सर, तो मॅक्रो पुढं मोठा होतो का हो?"

"दुसरा भाग वाच," मी म्हटलं. "आणि किल्ली काढ, पावणेदहा झाले."