हद्द, उधारी आणि मुदत : एका अभ्यासक्षेत्राची ओळख

तुयेहून उत्तरेकडे निघाले की पेडणे लागते, पुढे पत्रादेवी, आणि नाका ओलांडला की बांदा. या वाटेवर सोयरिकी जुळतात, माल उधारीवर जातो, लग्नाकार्याला पैसे उसने दिले-घेतले जातात. पैसे अडकले की दोन समजुती हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘तो आता महाराष्ट्रात गेला, इथल्या कोर्टात त्याचे काय होणार?’ दुसरी नेमकी उलट, ‘राज्य बदलले ना, मग मुदत नव्याने मोजायची.’ दोन्ही चूक. पण त्यांना अडाणीपणा म्हणून हसण्याआधी या तालुक्याचा इतिहास पाहावा. पेडण्याच्या माणसाने उंबरठाही ओलांडला नाही, तरी त्याच्या कर्जाची मुदत गेल्या साठ वर्षांत बदलली आहे, आणि ती एकदाच नव्हे.

मुदतीचा कायदा हा वकिलीच्या अभ्यासक्रमातला रुक्ष विषय समजला जातो. परीक्षेपुरते आकडे पाठ करायचे, मग अशिलाने तारीख चुकवली की पुन्हा उघडायचे. माझे मत वेगळे आहे. सावकार आणि कूळ, सरकार आणि प्रजा, कागद आणि शब्द यांचा हिशेब जितका उघडपणे या कायद्यात दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. सीमेवर तर तो आणखी उघड होतो. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी हे चार शब्द.

आधी आजची स्थिती. दिवाणी प्रक्रिया आणि मुदत हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत तेराव्या नोंदीत आहेत. १९६३चा मुदतीचा कायदा केंद्राचा आहे आणि तो १ जानेवारी १९६४पासून अमलात आला. हातउसन्या पैशाला कर्ज दिल्या दिवसापासून तीन वर्षे, गहाणाच्या पैशाला बारा, मिळालेला हुकूमनामा बजावून घ्यायलाही बारा. पणजी, पुणे, बेळगाव, सगळीकडे हेच आकडे. ऋणको तुयेहून कुडाळला राहायला गेला तर मुदत थांबत नाही, वाढत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. बदलतो तो कोर्टाचा पत्ता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणे प्रतिवादी राहतो तिथे किंवा व्यवहार घडला तिथे दावा लावता येतो. म्हणजे पैसे पेडण्यात दिले असतील तर धनकोला कुडाळ गाठायलाच हवे असे नाही. हुकूमनामा मिळाल्यावर मात्र मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टाकडे तो पाठवून घ्यावा लागतो.

हे आपल्याला इतके सहज वाटते की त्याचे महत्त्व कळत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे ही मुदत प्रत्येक राज्य आपापली ठरवते. लेखी कराराला कॅलिफोर्नियात चार वर्षे, न्यू जर्सीत सहा, इलिनॉयमध्ये दहा. नोकरीसाठी एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाच्या जुन्या कर्जाला कोणत्या राज्याची मुदत लावायची, यावर तिथे स्वतंत्र कायदे आहेत. आपल्याकडे ‘राज्य बदलल्याने मुदत बदलते का’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते.

गोव्यात मात्र ते इतक्या लवकर संपत नाही. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७०पासून लागू झाली. तिच्या ५३५व्या कलमाचा आशय असा, की ऋणको सद्‌भावनेने वागत असेल आणि वीस वर्षांत कोणी मागणी केली नाही, तर तो देण्यातून सुटतो; सद्‌भावना असो वा नसो, तीस वर्षांनी सुटतोच. काही खास देण्यांना वेगळ्या मुदती होत्या, पण साधा नियम हा. त्याच काळात हद्दीपलीकडे, आधी सावंतवाडी संस्थानात आणि १९४८च्या विलीनीकरणानंतर मुंबई प्रांतात, व्यवहार वेगळ्या कायद्याने चालत, आणि मुंबई प्रांतातल्या साध्या उसनवारीला तीनच वर्षे होती. एकाच नदीच्या दोन तीरांवर एकीकडे तीन वर्षे, दुसरीकडे वीस.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. वाटले असते की प्रश्न तिथेच मिटला. तसे झाले नाही. १९६३चा कायदा आला, पण त्याच्या २९व्या कलमात विशेष आणि स्थानिक कायद्यांना जागा राखली होती. पोर्तुगीज संहितेतल्या मुदतीच्या तरतुदी हा असा ‘स्थानिक कायदा’ आहे काय? १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार्रेतो प्रकरणात ‘होय’ म्हटले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुक्तीनंतर अठरा वर्षांनीही पेडण्याच्या कोर्टात वीस वर्षांचा जुना नियम सांगता येत होता आणि सावंतवाडीच्या कोर्टात तीन वर्षांचा. २००१मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच हे मत फिरवले. करार भारतीय करार कायद्याने व्हायचा, वचनचिठ्ठी भारतीय कायद्याने लिहायची आणि मुदत तेवढी लिस्बनची मोजायची, हे जुळणारे नव्हते. मला हा निकाल बरोबर वाटतो. उशिरा आला, एवढीच तक्रार. मधल्या वर्षांत गोव्यातल्या बँका, पतपुरवठादार आणि कर्जदार नेमक्या कोणत्या भरवशावर वागत होते, याचा शोध घ्यायला हवा.

यात नवख्या अभ्यासकाची एक फसगत ठरलेली. गोव्याचा कौटुंबिक आणि वारसा कायदा आजही त्या परंपरेतून चालत आला आहे, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोवेकराची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला तोच कायदा लागू होतो. म्हणून लोक मुदतीलाही तसेच समजतात. पण वारसा माणसाबरोबर प्रवास करतो, मुदत करत नाही. दावा ज्या कोर्टात, मुदत तिथली. सावकारी हा विषय मात्र राज्यसूचीत आहे. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४चा, गोव्याचा वेगळा. परवान्याचे आणि व्याजाचे प्रश्न हद्द ओलांडताच खरोखर बदलतात. लोकांची समजूत उगवली असेल तर बहुधा इथून.

आता एक वचनचिठ्ठी हातात घेऊ. दर्शनी बाजूला तारीख, रक्कम, ‘मागाल तेव्हा देईन’, आणि रेव्हेन्यू स्टँपवरून गेलेली सही. पहिला धडा असा, की ‘मागाल तेव्हा’ असले तरी मुदत मागितल्या दिवसापासून नव्हे, चिठ्ठीच्या तारखेपासून धावते. आता चिठ्ठी उलटी करा. मागे धनकोच्या अक्षरात ‘रु. ५०० मिळाले’, तारखेसह. धनकोला वाटते, मुदत वाढली. नाही वाढली. कायद्याचे १९वे कलम म्हणते की पैसे भरल्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी, आणि भरणा मुदत संपण्याआधीचा हवा. १८व्या कलमातली लेखी कबुलीही तशीच, मुदत उलटण्याआधी दिलेली आणि सही केलेली. मुदत उलटून गेल्यावर एकच वाट राहते, ती करार कायद्याच्या २५व्या कलमातली : ऋणकोने नव्याने लेखी वचन द्यायचे. दुकानदाराची वही याहून दुबळी. दोन्ही बाजूंनी देवघेव असलेल्या चालू खात्याला वर्षअखेरपासून तीन वर्षे मिळतात. नुसत्या उधारीच्या खात्याला ती सवलत नाही, प्रत्येक मालाची मुदत स्वतंत्र मोजावी लागते.

परदेशाचे गणित मात्र वेगळे, आणि पेडणे-डिचोलीतून आखातात किंवा पोर्तुगालला गेलेल्यांनी ते नीट वाचावे. १५व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पुण्यात पाच वर्षे काढली तर पाचही मोजली जातात. दुबईत काढली तर मोजली जात नाहीत. ‘दुबईला गेलो, कर्ज मिटले’ असे मानणाऱ्याचे कर्ज उलट जास्त काळ जिवंत राहते. जानेवारी २०२०मध्ये भारताने संयुक्त अरब अमिरातीच्या हुकूमनाम्यांना इथे बजावणीची वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा परदेशी हुकूमनाम्याच्या बजावणीची मुदत तो जिथे झाला त्या देशाची धरायची. शिवाय कोविडच्या काळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ न्यायालयानेच सर्वांसाठी वगळला. त्या वर्षांतले कागद तपासताना हे विसरू नये.

मुदत छोटी म्हणजे ऋणकोचे हित, हे समीकरणही तपासून घ्यावे. १८५९च्या कायद्याने साध्या कर्जाला तीन वर्षे दिली. दख्खनच्या सावकारांनी यावर उपाय काढला : तीन वर्षे भरत आली की जुना रोखा फाडायचा, व्याज मुद्दलात घालून नवा लिहून घ्यायचा. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोक उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या कागदांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने मुदत कमी नाही केली, वाढवली. मुदत दावा संपवते, देणे संपवत नाही. कोर्टाने दार लावल्यावरही ऋणकोने आपणहून दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. पोर्तुगीज संहिता मात्र थेट देण्यातून सुटकेची भाषा बोलत होती. हा फरक तात्त्विक वाटेल, पण दोन कायद्यांच्या माणसाविषयीच्या कल्पनाच इथे वेगळ्या होतात.

या क्षेत्रातले निकाल छापलेले आहेत, कलमे कुठेही मिळतील. मिळत नाहीत ते कागद. १९६१पूर्वीचे पोर्तुगीज शिक्क्याचे कर्जरोखे, मोडीतल्या खतावण्या, हद्दीपलीकडच्या व्यापाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार पेडणे, डिचोली, सावंतवाडीतल्या जुन्या घरांत अजून असणार. त्यांवर आता कोणाचा दावा चालणार नाही, तेव्हा दडवून ठेवण्याचेही कारण उरलेले नाही. माळा साफ करताना असे गाठोडे हाती लागले तर रद्दीत घालू नका. पणजीच्या पुराभिलेख खात्याला किंवा जवळच्या ग्रंथालयाला निदान एकदा दाखवा.