गाणगापूरचा मंडप आणि बळ्ळारीचा दवाखाना

गाणगापूरची दुपारची आरती ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही. घंटा-नगारे सुरू होताच कोणी घुमू लागते, कोणी खांबाला मिठी मारून आक्रोश करते. शेजारी आई किंवा भाऊ हात जोडून उभे असतात. माझ्या लहानपणी त्या गर्दीत आमची आत्याही होती. आजोबा तिला घेऊन चार महिने तिथे राहिले. रोज भीमा-अमरजा संगमावर स्नान, मग माधुकरी. पुढे कोणी सांगितले म्हणून तिला एका मोठ्या शहरात डॉक्टरांकडे नेले. तिथे शॉक दिले. का दिले, किती दिले, हे घरच्यांना कोणी सांगितले नाही. कागदावर अंगठा मात्र घेतला. आजोबा म्हणायचे, "देवाच्या दारात मला लेकीजवळ बसू तरी दिलं. तिथं बाहेरच उभं केलं."

आजोबांचे हे दुःख काही डॉक्टरांनी फार आधी ओळखले होते. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना सोबत राहू दिले. आजार काय आहे आणि घरी गेल्यावर काय सांभाळायचे, हे ते त्यांना समजावून सांगत. घरचा माणूस उपचारातला भागीदार आहे, हा विचार तिथे रुजला.

तोच विचार डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी पुढे नेला. चंदीगडच्या संस्थेत असताना हरियाणातील रायपूर राणी भागात आणि नंतर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी एकच आग्रह धरला: रुग्ण शहरातल्या मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचत नसेल, तर उपचाराने त्याच्या गावापर्यंत गेले पाहिजे. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, पण कागदावरची योजना जिल्ह्यात चालते का, हे कोणी दाखवायचे?

ते दाखवले आपल्या शेजारच्या बळ्ळारीने. 1985 पासून निम्हान्सच्या डॉक्टरांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील साध्या डॉक्टरांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. आरोग्य कर्मचाऱ्यांना घरोघर फिरताना वेड, उदासी आणि फिट्स कशा ओळखायच्या ते शिकवले. मोजकीच पण आवश्यक औषधे केंद्रातच ठेवली. अवघड रुग्ण तेवढा जिल्हा रुग्णालयात पाठवायचा. 1996 मध्ये केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, तो याच नमुन्यावर. सरकारी नोकरीत असल्याने मला ठाऊक आहे, योजना वरून खाली येतात. ही आपल्या मागास म्हटल्या जाणाऱ्या भागातून वर गेली.

तरी 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडीत आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल मानसिक आरोग्याला वाहिलेला होता; त्याचे संपादन डॉ. मूर्तींनीच केले. मनोरुग्णालाही इतर रुग्णांसारखाच मान आणि उपचार मिळावा, हे डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे सांगत होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते हक्क म्हणून मान्य केले. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार साखळीने बांधणे आणि भूल न देता शॉक देणे यांना बंदी आहे. आपल्या वतीने कोणी बोलावे, तो माणूसही रुग्णाला नेमता येतो.

आत्या आज नाही. पण औराद, भालकी, आळंदच्या घरांत अशी कोणीतरी असतेच. 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ यावेत, अशी सोय राज्याने केली आहे. टेली-मानसच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. सीमेवरच्या माणसाला आपले दुःख आपल्या भाषेत सांगता येणे, हे अर्धे औषधच.

दत्तमहाराजांवर श्रद्धा असू द्यावी. दुपारची आरती घ्यावी आणि मंगळवारी दवाखान्यातही जावे. आणि आत गेल्यावर डॉक्टरांना न घाबरता विचारावे, "औषध कशाचं आहे, सांगा." आजोबांना तेवढेच विचारायचे राहून गेले होते.