कृषी केंद्राला नोटीस आली? घेतली नाही तरी दिवस मोजणं सुरू होतं

नागपूर : खरिपाच्या तोंडावर काटोल, सावनेर, उमरेड, मौदा अशा तालुक्यांत कृषी केंद्रांची तपासणी होते. साठा रजिस्टर जुळलं नाही, बिल दिलं नाही, नमुना नापास झाला, की दुकानदाराला ‘कारणे दाखवा’ नोटीस निघते. नोटीस घेतलीच नाही तर आपलं काही बिघडत नाही, असं बरेच जण समजतात. खरं उलटं आहे.

नोटीस का देतात?
कीटकनाशकाचा परवाना कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे, बियाण्याचा बियाणे (नियंत्रण) आदेश १९८३ प्रमाणे आणि खतविक्रीचं अधिकारपत्र खत (नियंत्रण) आदेश १९८५ प्रमाणे मिळतं. ते रद्द करण्याआधी दुकानदाराला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणजे नोटीस ही शिक्षा नाही, बोलायची संधी आहे.

परत पाठवली तर?
जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ च्या कलम २७ नुसार बरोबर पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस पोचली असंच धरतात. पाकिटावर पोस्टमनने ‘घेण्यास नकार’, ‘दुकान बंद’ असा शेरा मारला तरी तेच. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये चेकच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. खरंच मिळाली नसेल, तर ते दुकानदाराने सिद्ध करायचं.

कोणत्या मुदती पाहायच्या?
• उत्तराची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. उत्तर लेखी द्या, आवक शिक्क्याची प्रत ठेवा.
• कीटकनाशकाचा तपासणी अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवावं लागतं. नाहीतर तोच अहवाल अंतिम पुरावा ठरतो.
• आदेशाविरुद्ध अपील : कीटकनाशकासाठी ३० दिवस, बियाण्यासाठी ६० दिवस.

नवीन परवान्याचा अर्ज केला असेल तर
त्रुटी ऑनलाइन लॉगिनमध्ये किंवा मोबाईलवर कळते. सेतूवाल्याचा नंबर देऊ नका, स्वतःचा द्या. दुकान हलवलं, भागीदार बदलला, तर परवान्यात नोंद करून घ्या.

शेतकऱ्यांनी काय करावं?
२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. दुकानात काय विकलं जातं, याची किंमत आपणच मोजतो. म्हणून बियाणं उगवलं नाही किंवा औषध बोगस निघालं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पक्कं बिल, रिकामं पाकीट, लॉट नंबर जपा. बिलावरचं दुकानाचं नाव, पत्ता आणि परवाना नंबर जसाच्या तसा लिहा. चुकीच्या पत्त्यावर नोटीस गेली तर दुकानदार अपिलात तेवढ्या एका मुद्द्यावर सुटू शकतो, आणि आपला हंगाम गेलेला असतो.