फुकटच्या जगातील पायऱ्या

लातूरकरांना 2016 हे साल आठवते ते पाण्याच्या रेल्वेमुळे. त्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर कापून 'जलदूत' पहिले पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि पुढील 31 मार्चपर्यंत शहरात इंटरनेट फुकट वाहू लागले. या दोन घटना सहसा कोणी शेजारी ठेवून पाहत नाही. ज्या उन्हाळ्यात घागरीला किंमत होती, त्याच वर्षाच्या हिवाळ्यात डेटाला किंमत उरली नव्हती. आमच्या आजच्या विषयाची लातुरातील सुरुवात येथे आहे.

विषय आहे तो फुकट खेळता येणाऱ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांचा. यात खेळणारा एका कल्पित जगात एखादे पात्र धारण करतो, मोहिमा पार पाडतो आणि पायरीपायरीने बलवान होत जातो. मराठवाड्यातील पोरे अधिक करून गोळीबाराचे खेळ खेळतात, हे खरे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जीवर बंदी आली तेव्हा जी ओरड झाली, ती त्या खेळांची. पण त्याच महिन्याच्या 28 तारखेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा चिनी कंपनीचा रोल-प्लेइंग खेळ जगभर खुला झाला, आणि त्याची दखल मराठी वर्तमानपत्रांतून फारशी घेतली गेली नाही. आम्हांला हा दुसरा प्रकार अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण त्याचा इतिहास मूळचा बाजाराचा नाही.

तो सुरू होतो 1978 साली, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, केवळ शब्द. पण एकाच वेळी अनेक जण त्या जगात वावरू शकत. बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, 'लेव्हल' चढण्याची रचना हे इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेला त्यांनी दिलेले उत्तर होते. माणूस कोणत्या घरात जन्मला यावर त्याची पायरी ठरू नये, त्याने काय केले यावर ठरावी. याच 1978 च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या भागात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्याने त्याची मोठी झळ सोसली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी जिथे ओळख होताच दुसरा प्रश्न आडनावाचा येतो, तिथल्या मुलाला आडनाव नसलेले जग का ओढत असेल, हे समजायला तो योगायोग उपयोगी पडतो. खेळात त्याने घेतलेल्या नावामागे गाव नाही, जात नाही, बापाची जमीन किती हा हिशेब नाही. या आकर्षणाला 'व्यसन' हा एकच शब्द लावून मोकळे होणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

लातूरच्या मुलाला हा जिना ओळखीचा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. हे शहर स्वतःच एका जिन्यावर उभे आहे. 1970 साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जी पद्धत घडू लागली आणि जी पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजली, तिचेही वचन हेच होते: कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा मेहनतीने वर चढेल. जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या, चुकांची उजळणी, पुन्हा चाचणी. आज उद्योग भवन परिसरातील शिकवणी वर्गांच्या भागात, ज्याला सारे शहर 'ट्यूशन एरिया' म्हणते, हजारो मुले याच रचनेत दिवस काढतात. फरक एवढाच की चाचणीतला क्रमांक वर जातो तसा खालीही येतो. खेळातली पायरी मात्र एकदा चढली की खाली येत नाही. तासभर खेळलात तर तासाभराचे फळ पदरात पडलेच म्हणून समजा. अभ्यासात असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. 2024 च्या नीट प्रकरणाच्या तपासाचा एक धागा लातूरपर्यंत आला, तेव्हा पैसे मोजून पायरी विकत मिळते की काय, हा संशय या शहरातही बोलला गेला.

आणि खेळाच्या जगात तर पायरी विकत मिळू लागून बराच काळ लोटला होता. त्याची कथा कोरियातली आहे. 1997 च्या आर्थिक संकटानंतर तिथे गल्लोगल्ली 'पीसी बांग' म्हणजे आपल्याकडच्या सायबर कॅफेसारख्या खेळघरांचा सुळसुळाट झाला. नेक्सन या कंपनीने मासिक वर्गणी सोडून खेळ फुकट द्यावा आणि खेळातल्या वस्तू विकाव्यात असा मार्ग काढला. 2003 साली आलेला तिचा 'मेपलस्टोरी' याच वाटेने गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या जपानी आवृत्तीत शंभर येनचे 'गाचापॉन तिकीट' आले: पैसे टाका, काय निघेल ते नशिबावर. मूळचा गाचापॉन म्हणजे जपानी दुकानांपुढे ठेवलेले, दांडा फिरवला की चेंडूतून खेळणे टाकणारे यंत्र. आमच्या वाचकांनी सिद्धेश्वरच्या किंवा माळेगावच्या यात्रेत साबणाच्या वडीवर रिंग टाकली असेल, तर त्यांना निराळे समजावण्याची गरज नाही. यात्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. रिंगही वडीपेक्षा मोठी असते, पण अगदी थोडी. (बहुरूप्याचेही असेच: सोंग आधी, बिदागी मागून. पण बहुरूपी मिळेल ते घेऊन पुढच्या दारी जातो.)

'गेन्शिन'मधील रिंग किती मोठी आहे ते कंपनीच सांगते, कारण 2017 पासून चीनमध्ये ही शक्यता जाहीर करणे बंधनकारक आहे. सर्वोच्च श्रेणीचे पात्र निघण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के, नव्वदाव्या खेपेला ते निघतेच, पण हवे तेच निघेल असे नाही. एका खेपेला 160 रत्ने लागतात, म्हणजे नव्वद खेपांना 14,400. काही रत्ने खेळून मिळतात. सगळी विकत घ्यायची तर सर्वांत मोठ्या गठ्ठ्याच्या अमेरिकी दराने, म्हणजे शंभर डॉलरला 8,080 या भावाने, सुमारे 180 डॉलर होतात. पंधरा हजार रुपये धरा. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. एका पात्रासाठी तीन क्विंटल, तेही हमीभाव मिळाला तर.

असे पैसे घालणारे थोडे असतात, फुकट खेळणारे पुष्कळ, आणि हे अर्थकारण उभेच आहे ते त्या थोड्यांवर. मग पुष्कळांकडून काय घेतले जाते? दिवसाची लय. खेळातील बक्षिसे उचलायला 'रेझिन' नावाची शक्ती लागते. ती दर आठ मिनिटांनी एक अशी भरते. पूर्वी तिची मर्यादा 160 होती, म्हणजे 21 तास 20 मिनिटांत हौद भरायचा आणि मग वाया जायचा. 2024 मध्ये मर्यादा 200 झाली. शिवाय रोजची चार छोटी कामे असतात. एक दिवस चुकला तर शिक्षा नाही, फक्त मागे पडल्याची चुटपुट. ज्याचा दिवस आधीच दुसऱ्याने आखलेला आहे, त्या वसतिगृहातील मुलाच्या रात्रीच्या अर्ध्या तासावरही येथे कोणाचे तरी वेळापत्रक बसते. बार्टल यांच्या जिन्यावर माणूस दमला की थांबू शकत होता.

कायद्यांचे म्हणाल, तर बेल्जियमने 2018 साली पैसे घेऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्या जुगारात मोजल्या. चीनने 2021 पासून अल्पवयीनांना ऑनलाइन खेळासाठी आठवड्याला साधारण तीनच तास ठेवले. भारताने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण त्याचा रोख पैसे लावून मोबदला मिळण्याच्या आशेवर आहे, आणि 'गेन्शिन'मध्ये जिंकलेले पात्र मोडून पैसे करण्याची सोय खेळात नाही, त्यामुळे तो त्या व्याख्येत सरळ बसत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये याच खेळाच्या कंपनीशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून या पेट्या विकण्यास मनाई केली. तो आदेश अमेरिकेपुरता आहे. ट्यूशन एरियातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातातला फोन बहुधा वडिलांच्या नावावरचा असतो, आणि त्यावरचे खातेही.